आडनाव झाकायला शिकवणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,
स. न. वि. वि.

शिष्यवृत्तीची यंदाची यादी लागली. आभार फोनवरही मानता आले असते, पण अर्जदाराचं नाव-आडनाव झाकून निवड करायची तुम्ही घालून दिलेली पद्धत इतर संस्थांनाही उचलता यावी म्हणून हे पत्र जाहीर लिहितो आहोत. नाव घालू नका म्हणालात, तेव्हा घातलेलं नाही.

पहिले आभार यासाठी, की तुम्ही आमच्या मनाची झडती घेत बसला नाहीत. पूर्वग्रहाचा विषय निघाला की 1998 पासून गाजत असलेली ती संगणकावरची चाचणी (इम्प्लिसिट असोसिएशन टेस्ट, म्हणजे शब्द-चित्रांच्या जोड्या किती पटकन लावता त्यावरून मनातला छुपा कल मोजणारी) पुढे येते. तुमचं म्हणणं असं, की एकाच माणसाने ती दोनदा दिली तरी निकाल बदलू शकतो, मग तिच्यावरून कुणाला शिक्का मारायचा कसा? मनं सुधारतील तेव्हा सुधारतील, आधी निवडीची रीत सुधारा.

पुराव्याला तुम्ही दोनच अभ्यास आणलेत आणि दोन्ही आपल्याच देशातले. आपल्या अमरावती जिल्ह्यातले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात यांनी समाजशास्त्रज्ञ पॉल ॲटवेल यांच्यासोबत खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्या पात्रतेचे अर्ज पाठवले, फरक फक्त नावाचा. 2007 साली छापलेल्या निष्कर्षांनुसार सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता साधारण दोन तृतीयांश, मुस्लीम नावाला एक तृतीयांश. दुसरा रेमा हॅना आणि ली लिंडन या अर्थतज्ज्ञांचा, 2012 चा. उत्तरपत्रिकांच्या पहिल्या पानावर जात चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटून लिहिली होती. ‘खालच्या’ जातीची नोंद असलेल्या पेपरांना किंचित कमी गुण पडले. फरक लहान होता, पण दोन गोष्टी डोळे उघडणाऱ्या होत्या. सुरुवातीला तपासलेल्या पेपरांत तो जास्त होता, आणि तो मुख्यतः त्याच जातींतल्या शिक्षकांकडून आला होता. ‘मी त्यांच्यातलाच, मला कसला पूर्वग्रह?’ हे म्हणायची सोयच उरली नाही.

आता रीत. अर्जावरचं नाव झाकलं की झालं, हा समज तुम्ही पहिल्या दहा मिनिटांत मोडलात. ईमेलच्या पत्त्यात आडनाव असतं. वडिलांच्या नावात असतं, वसतिगृहाच्या नावात असतं, शाळेच्या शिक्क्यात असतं. गाव लिहिलं की निम्म्या समितीला पुढचं आपोआप कळतं. मार्करने काळं केलेलं अक्षर उजेडात धरलं की मागून वाचता येतं, म्हणून काळ्या केलेल्या पानाची झेरॉक्स काढायची आणि तीच परीक्षकाला द्यायची. पीडीएफमध्ये नुसता काळा चौकोन ठेवला तर खालचा मजकूर कॉपी करता येतो. छापून पुन्हा स्कॅन करा. निबंधातली परिस्थिती मात्र कापायची नाही. गावाच्या जागी ‘क’, शाळेच्या जागी ‘ख’. आई ऊसतोडीला जाते हे तसंच राहू द्यायचं, कारण शिष्यवृत्ती त्याचसाठी आहे. क्रमांक आणि नावांची वही एकाच माणसाकडे, आणि त्याने एकही गुण द्यायचा नाही.

तपासताना एकेक अर्ज सलग वाचायचा नाही. सगळ्यांचा पहिला प्रश्न, मग गठ्ठा पिसायचा, मग सगळ्यांचा दुसरा. नाहीतर पहिल्या उत्तराची चमक दुसऱ्यावर पडते आणि कुणाला कळतही नाही. चार निकष, प्रत्येकी पाच गुण, आणि एक, तीन, पाच गुणांचं उत्तर कसं दिसतं हे आधीच लिहिलेलं. पहिले दहा अर्ज शेवटी पुन्हा काढायचे, कारण हात तोवर स्थिरावलेला नसतो. गुण पेनाने लिहून झाल्याशिवाय चर्चा नाही. दोन किंवा अधिक गुणांचा फरक असेल तिथेच बोलायचं, आणि अध्यक्षांनी सर्वांत शेवटी. (अध्यक्षांना हे जड गेलं, असं म्हणायला हरकत नसावी.)

मुलाखतीत झाकायला काहीच नसतं, म्हणून तिथे तुम्ही सर्वांत जास्त वेळ घेतलात. सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने. ‘कुठले तुम्ही? म्हणजे अमक्यांचे कोण?’ ही प्रेमाने केलेली चौकशी बंद, कारण गुण तिथेच ठरतात. ‘भाषेची स्पष्टता’ हा रकाना प्रत्यक्षात ‘पाणी’ म्हणणाऱ्याला वर आणि ‘पानी’ म्हणणाऱ्याला खाली ढकलत होता. तो बदलून ‘मुद्दा ऐकणाऱ्याला कळला का’ असा केलात. ‘आत्मविश्वास’ तर सरळ खोडलात. पंख्याखाली खुर्चीत बसून इंग्रजीत बोलायची सवय मोजायची असेल तर ती वेगळी मोजा, म्हणालात. आणि ‘हा मुलगा आपल्याकडे रुळेल असं वाटत नाही’ असं कुणी म्हणालं, की मुलाच्या कोणत्या उत्तरावरून तसं वाटलं ते कागदावर लिहायचं. लिहिता आलं नाही तर तो शेरा बाद.

यादी ठरल्यावर वही उघडून मोजणी करायची, हे बहुतेक संस्था विसरतात. अर्ज किती, मुलाखतीला किती, निवडले किती. मुलगे-मुली, प्रवर्ग, माध्यम, तालुका असं प्रत्येक टप्प्यावर वेगळं. गळती कुठल्या टप्प्यावर झाली ते त्याशिवाय दिसत नाही. अर्जच आले नसतील तर तपासणी कितीही निर्दोष असो, उपयोग शून्य. मग जाहिरात कुठल्या शाळांपर्यंत पोचली ते बघायचं.

पुढच्या वर्षीच्या अर्जाचा नमुना सोबत जोडला आहे. शिफारसपत्राच्या रकान्यावरून आमच्यात दोन तट आहेत. एकांचं म्हणणं, मोठ्या शाळेच्या मुख्याध्यापकांचं लेटरहेड झाकलं तरी भाषेवरून ओळखू येतं, म्हणून तो काढावा. दुसऱ्यांना भीती, की वस्तीशाळेतल्या एखाद्या गुरुजींचं चार ओळींचं पत्रच त्या मुलाचा एकमेव साक्षीदार असतं. लाल पेनाने जे खोडायचं ते खोडून दिवाळीआधी परत पाठवावं, ही विनंती.

आपले कृतज्ञ,
निवड समितीचे सर्व सदस्य