कप्पा न उघडणारं कपाट

प्रिय मित्रा,

सव्वा वर्ष झालं, तुला एक ओळ लिहिली नाही, आणि आता लिहायला बसलोय ते रात्री दीड वाजता. रागावला असशील तर रागाव, तुझा हक्क आहे. पण आज जे झालं ते तुझ्याशिवाय कुणाला कळणार नाही. घरात सांगून पाहिलं, तर "छान आहे, आता झोपा" एवढंच उत्तर आलं.

तब्येत ठीक. चष्म्याचा नंबर वाढला, गुडघा जैसे थे.

आधी कबुली देतो. बाहुलीघरांचं आपलं १:१२ माप, म्हणजे एका फुटाला एक इंच, मी सोडलं. गेलं वर्षभर १:४८ मध्ये काम करतोय. तुला कळवायचं धाडस झालं नाही, कारण जिन्यात बसून झालेलं आपलं ते भांडण अजून कानात आहे. मी म्हणत होतो, निदान निम्म्यावर येऊ, १:२४ करू, घर आठपट कमी जागेत बसेल. तू म्हणालास, "कप्पा उघडत नसेल तर ते कपाट नव्हे, कपाटाचं चित्र." वर मला पळपुटा म्हणालास. मग आठ दिवस अबोला. शेवटी दादानं दोघांना एका टेबलाशी बसवून एकाच खिडकीला दोन्ही बाजूंनी पॉलिश पेपर मारायला लावला, तेव्हा तोंडं उघडली.

त्या वेळी माझ्याकडे उत्तर नव्हतं. आज आहे, म्हणून हे सगळं.

सुरुवात मी जागेपायीच केली, हे मान्य. दहा बाय बाराची खोली आपल्या मापात दहा इंच बाय बारा इंच, आणि १:४८ मध्ये अडीच बाय तीन. पाव इंच म्हणजे एक फूट, हिशेब इतका सोपा. अख्खं दुमजली घर बुटांच्या खोक्यात मावतं. पण पहिले दोन महिने मी आपलीच जुनी पद्धत लहान करत बसलो आणि सगळं फसलं. एक मिलिमीटरच्या प्लायचं टेबल केलं. ४८ नं गुणून बघ, जवळजवळ दोन इंच जाडीची फळी! टेबल कसलं, खाटकाचा ओंडका. पडद्याला मलमल लावली तर ती पडेचना, पत्र्यासारखी ताठ उभी, आणि विणीतला एकेक धागा दोरखंडाएवढा. मग लाकूड-कापड बाजूला ठेवलं आणि कागदाकडे वळलो. साधा कागद इथे पाच मिलिमीटरच्या फळीचं काम करतो. पडदा टिश्यू पेपरचा. पातळ पांढऱ्या गोंदात भिजवायचा आणि सुईनं एकेक चुणी बसवायची.

आता कपाटाचं ऐक. सहा फुटी कपाट, म्हणजे दीड इंच. कार्डाचे थर चिकटवून ठोकळा केला. कप्प्यांच्या रेघा सुरीच्या पाठीनं ओढल्या, त्यांत अगदी पातळ करडा रंग सोडला. एकही कप्पा उघडत नाही. पण वरून तिसऱ्या कप्प्यावर कागदाची एक पट्टी जास्तीची लावली, मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढी पुढे. तिच्या वरच्या कडेला गुलाबी टिश्यूचा नखाच्या टोकाएवढा तुकडा चिमटीनं अडकवला. बस. माझी पुतणी बघून म्हणाली, "काका, ही बाई घाईत गेली वाटतं." कोण बाई? मी बाई केलेलीच नाही! अरे, तुझा कप्पा उघडता येतो. माझा कुणीतरी उघडून गेलंय. या मापात जे बनवायचं असतं ते हेच, आणि ते मला आपण दोघांनी बांधलेल्या १:१२ च्या मोठ्या बाहुलीघरात दहा वर्षांत एकदाही जमलं नव्हतं.

तू लगेच इंग्लंडच्या राणी मेरीच्या बाहुलीघराचा दाखला देशील, मला माहीत आहे. वास्तुकार ल्युटेन्सचा आराखडा, १९२४ ला पूर्ण, १:१२, नळाला पाणी, चालणारी लिफ्ट. ते घर थोरच, त्यावर वाद नाही. पण पाणी लहान होत नाही रे! नळ बारापट लहान केला तरी थेंब थेंबाएवढाच राहणार. माझ्या मापात तर एक थेंब म्हणजे छोटी बादली. म्हणून मी पाण्याला व्हार्निश वापरतो आणि समाधानी आहे. दिव्याचंही तेच. आपण लावायचो तो तीन मिलिमीटरचा एलईडी इथे कलिंगडाएवढा दिसतो. आता एक बाय अर्ध्या मिलिमीटरचा चिप एलईडी लावतो, केसासारख्या तारेवर. रंगसुद्धा नळीतला तसाच लावून चालत नाही. वस्तू लहान झाली की गडद रंग अंगावर येतो, चकाकी प्लॅस्टिकची वाटते. माप जितकं लहान, तितका पांढरा जास्त मिसळायचा. माणसांच्या बाहुल्या मात्र आयत्या मिळतात, कारण अमेरिकेतल्या रेल्वे मॉडेलवाल्यांचा ओ स्केलही १:४८ च आहे.

आणखी एक. इथे चुकायची भीती जाते. आपण त्या एका जिन्यावर दोन महिने घातले आणि वाकडा झाला तरी तोडायची हिंमत झाली नाही. मी या वर्षात तीन जिने केले, दोन फेकले, एकेका संध्याकाळचं काम. हात मोकळा होतो.

तुझी बदली झाल्याचं कळलं. नवी जागा मानवली का? छोटीचा निकाल लागला असेल, तिला शाबासकी दे. वहिनींना नमस्कार.

आता खरी काळजी. आम्ही लहान जागेत जातोय आणि आपल्या मोठ्या घराला तिथे भिंत उरत नाही. चार फूट उंचीचं धूड, मागचा प्लाय फुगलाय. छोटीसाठी बांधायला घेतलेलं घर. घरमालकीण मोठी झाली तरी बांधकाम चालूच! एका बालवाचनालयानं मागितलं आणि मी घाईत हो म्हणून बसलो. तुला न विचारता. हे माझं चुकलंच.

आणि मग आज. मोठ्या घरातली मुलांची खोली तशीच रिकामी होती ना, तिच्यात ठेवायला मी एक बाहुलीघर केलं. बाहुलीच्या बाहुलीचं घर, म्हणजे बारा गुणिले बारा, १:१४४. आपल्याच घराची नक्कल, रुंदी दोन इंच, दार पंधरा मिलिमीटरचं. जिना डावीकडे, तुझ्या हट्टापायी. आणि त्याच्याही मुलांच्या खोलीत चार मिलिमीटरचा एक ठोकळा, लाल छपराचा. १:१७२८! श्वास रोखून ठेवला, नाहीतर उडून गेला असता.

ते जमिनीवर, खिडकीच्या जरा डावीकडे मांडलं आणि दिवा लावला. अरे, आपलं मोठं घर त्या क्षणी घर झालं. दहा वर्षं ते प्लायचं खोकं होतं, त्यात आपण सामान भरत होतो. आज त्या खोलीत कुणीतरी राहतंय, नुकतं खेळून उठलंय. तू शेजारी असायला हवा होतास. मी तासभर तिथेच उकिडवा बसलो, गुडघ्याचं भानही नव्हतं.

आता मी ते कसं देऊ? आणि ठेवू कुठे? तू नेशील का? माळ्यावर टाकणार असशील तर नको, वाचनालय बरं. तिथे निदान मुलं डोकावतील. की छोटीला विचारायचं? खरं तर घर तिचं. ती हसेल, पण विचार. रविवारी ते लोक टेम्पो घेऊन येणार आहेत, त्याआधी फोन कर. नको म्हणालास तरी चालेल, गप्प बसू नकोस. एवढा काळ गप्प बसायचं काम मी केलंय.

आणि त्या खिडकीचं एक झडप अजून बिनरंगाचं आहे. ठरवलेल्या हिरव्याची डबी तुझ्याकडेच असणार. झाकणाच्या आत मी पेन्सिलीनं नंबर लिहिला होता, तेवढा वाचून सांग. तो मला तीनही घरांना लावायचाय, दर खेपेला थोडा जास्त पांढरा मिसळून.

तुझाच,
पळपुटा