शेतकरी घरातील पोटगी शपथपत्रावर ठरते

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

नोकरदाराची पोटगी ठरवायला पगारपत्रक असते. शेतकऱ्याकडे ते नसते आणि मराठवाड्यातील घटस्फोट-पोटगीच्या प्रकरणांत दोन्ही बाजूंचे नुकसान इथूनच सुरू होते. पतीच्या म्हणण्यात ठरलेले वाक्य येते: ‘माझ्या नावावर गुंठाही नाही, मी वडिलांच्या शेतात मजुरी करतो.’ पत्नीच्या अर्जातले वाक्यही तितकेच ठरलेले: ‘गैरअर्जदारास दहा एकर बागायती असून वार्षिक उत्पन्न दहा लाख आहे.’ कागद मात्र कुणीच जोडत नाही. मग न्यायालयाला अंदाजाने आकडा ठरवावा लागतो, तो कुणालाच पटत नाही आणि पुढची काही वर्षे वरच्या न्यायालयात जातात.

हे टाळण्याची सोय झालेली आहे. सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी रजनेश विरुद्ध नेहा या निकालात पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात पती-पत्नी दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचे शपथपत्र द्यावे असे बंधन घातले. निकालाला नमुने जोडलेले आहेत आणि त्यात शेतीवर जगणाऱ्यांसाठी वेगळा नमुना आहे. आपल्याकडे मात्र शेतकऱ्याच्या प्रकरणातही नोकरदाराचाच नमुना भरला जातो, कारण टंकलेखकाच्या संगणकात तोच तयार असतो. त्यात पॅन, आयकर विवरण, भविष्य निर्वाह निधी यांचे रकाने असतात. समोर ‘निरंक, निरंक’ लिहिले की शपथपत्र झाले. शेतीच्या नमुन्यात ही पळवाट राहत नाही. एकूण जमीन किंवा तिच्यातला हिस्सा, जमीन कोरडवाहू की ओलिताखालची, वर्षभरात घेतलेली पिके, मागील तीन वर्षांचे उत्पन्न, बटईने किंवा ठोक्याने केलेली जमीन, जनावरांची संख्या आणि त्यांचे उत्पन्न, जमिनीवरचे कर्ज हे सारे तिथे शपथेवर सांगावे लागते.

तीन वर्षे या शब्दांकडे आम्ही मुद्दाम लक्ष वेधतो. मराठवाड्यात एक साल दुष्काळाचे, तर पुढच्या सालात सप्टेंबरच्या अतिवृष्टीने हाताशी आलेले सोयाबीन पाण्यात. पतीने फक्त बुडालेले साल दाखवायचे आणि पत्नीने फक्त पिकलेले, यातून खरे चित्र दिसत नाही.

हिशेब कसा मांडायचा तेही पाहू. समजा पाच एकर कोरडवाहू सोयाबीन आहे आणि एकरी सहा क्विंटल उतारा पडला. एकूण ३० क्विंटल. २०२४-२५ चा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, म्हणजे १,४६,७६० रुपये. पण आडतीवर ४,१०० रुपयांनी माल गेला असेल तर हाती १,२३,००० येतात. बियाणे, खत, फवारणी, काढणी, मळणी मिळून एकरी १५ हजार खर्च धरला तर उरतात ४८,०००, म्हणजे महिन्याला चार हजार. त्याच पाच एकरांत ऊस असेल, एकरी ४० टन आणि टनाला २,७०० रुपये धरले, तर खर्च वजा करण्याआधीचे बिल ५,४०,००० होते. म्हणून अर्जात नुसते ‘पाच एकर’ लिहून काही सिद्ध होत नाही. पाणी आहे का, असेल तर विहीर, बोअर की कालवा, आणि कोणते पीक, हे आधी लिहा.

कागद मिळवायला पतीची सही लागत नाही. सातबारा आणि आठ-अ कुणालाही काढता येतो. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा शासनाच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो. गट क्रमांक माहीत नसेल तर महाभूलेख या शासनाच्या भूमिअभिलेख संकेतस्थळावर गाव निवडून नावाने शोधता येते. मात्र एकच सातबारा काढून थांबू नका. आठ-अ काढला की त्या गावातील खात्यावरचे सगळे गट समोर येतात. सातबाऱ्यातला गाव नमुना बारा आणि ई-पीक पाहणी (मोबाइल अ‍ॅपवरची पिकाची नोंद) यांवरून पीक कळते, ‘इतर हक्क’ या रकान्यावरून सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा कळतो. विक्रीसाठी बाजार समितीतल्या आडत्याची हिशेबपट्टी, कारखान्याचे ऊसबिल, डेअरीचे दुधाचे बिल पाहा. हे कागद मिळत नसतील तर संबंधित कारखाना किंवा डेअरीकडून नोंदी मागवण्याचा अर्ज वकिलांमार्फत न्यायालयातच करावा. कौटुंबिक न्यायालयाला तर १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम १४ नुसार पुराव्याच्या तांत्रिक नियमांत न अडकता कागद विचारात घेता येतो.

सगळ्यात जास्त घोळ फेरफारात, म्हणजे जमिनीच्या हक्कातील बदलाच्या नोंदीत, असतो. भांडण पेटले की वाटणीपत्र, हक्कसोडपत्र, बक्षीसपत्र होते आणि जमीन भावाच्या किंवा आईच्या नावे जाते. अशा वेळी फेरफाराची नक्कल काढून त्याची तारीख भरोसा सेलमधल्या (पोलिसांच्या महिला मदत कक्षातल्या) तक्रारीच्या, वकिलाच्या नोटिशीच्या किंवा अर्जाच्या तारखेशेजारी ठेवावी. तारखा बरेच काही सांगतात. जमीन वडिलांच्या नावावर असेल तर ती त्यांच्याकडे कशी आली, खरेदीने की वडिलोपार्जित, तेही फेरफारावरूनच समजते. खरेदीची असेल तर मुलाचा त्यात हिस्सा सांगता येणार नाही. पण ती प्रत्यक्ष तोच कसतो आणि माल त्याच्याच नावे विकला जातो, हे दाखवता येते.

पत्नीच्या बाजूनेही चुका होतात आणि त्या सांगायलाच हव्यात. शिवणकाम, अंगणवाडीचे मानधन, शेतमजुरी लपवली आणि उलटतपासणीत बँकेचे पासबुक पुढे आले, की तिच्या बाकीच्या खऱ्या म्हणण्यावरचाही विश्वास उडतो. थोडी कमाई आहे म्हणून पोटगी आपोआप नाकारली जात नाही, म्हणून ती शपथपत्रात सरळ लिहावी. आधीच्या कोणत्या प्रकरणात पोटगी मंजूर झाली असेल तर तेही सांगणे बंधनकारक आहे, नवी रक्कम ठरवताना ती विचारात घेतली जाते.

अर्ज कुठे करायचा हा प्रश्न हमखास येतो. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जुन्या कलम १२५ च्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ आहे. अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा असे तेच कलम सांगते. घटस्फोटाची याचिका चालू असेल तर हिंदू विवाह कायद्याचे कलम २४, आणि मारहाण, घराबाहेर काढणे असे असेल तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा. घटस्फोटित मुस्लिम महिलेलाही जुन्या कलम १२५ (आताच्या १४४) या पोटगीच्या सर्वसाधारण कलमाखाली मागणी करता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळते. त्यामुळे ‘बैठक होऊ द्या, मग बघू’ म्हणत काढलेल्या महिन्यांची पोटगी हातची जाते.

वकिलाबाबत दोनच गोष्टी. स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण किंवा तालुका समितीत अर्ज द्यावा, दूरध्वनी १५१००. वकील खासगी असो की मोफत, प्रकरणाचा सोळा अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक पहिल्याच दिवशी मागून घ्या. पुढची तारीख आणि मागच्या तारखेला काय झाले, हे त्यावरून मोबाइलवर स्वतः पाहता येते.

ऊसतोड कुटुंबांची अडचण वेगळी आहे. दिवाळीच्या सुमारास टोळी कारखान्यावर गेली की गावच्या पत्त्यावरची नोटीस ‘मिळून आला नाही’ या शेऱ्याने परत येते. अर्जात गावच्या पत्त्याबरोबर मुकादमाचे (टोळी नेणाऱ्या कंत्राटदाराचे) आणि कारखान्याचे नाव द्यावे. त्याचा उपयोग उत्पन्नासाठीही होतो, कारण कोयत्यामागे (ऊस तोडणाऱ्या जोडप्यामागे) घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मुकादमाकडच्या करारात लिहिलेली असते. ती उचल नवरा-बायको दोघांच्या श्रमावर घेतलेली असते आणि वेगळे झाल्यावर तिचे ओझे एकट्या बाईवर येऊ नये, हेही न्यायालयासमोर मांडायला हवे.

आदेश झाला तरी पैसे मिळतातच असे नाही. कलम १४४ खालच्या थकबाकीच्या वसुली वॉरंटसाठीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. दोन-तीन वर्षे वाट पाहून एकदम अर्ज केला तर जुन्या महिन्यांसाठी वॉरंटचा मार्ग बंद होतो. म्हणून दर तीन-चार महिन्यांनी अर्ज टाकत राहावे. घटस्फोटाच्या हुकूमनाम्याबरोबर कायम पोटगी ठरत असेल तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ नुसार त्या रकमेचा बोजा पतीच्या स्थावर मालमत्तेवर ठेवता येतो. ही मागणी अर्जातच करावी आणि आदेशाची प्रत तलाठ्याकडे देऊन सातबाऱ्याच्या इतर हक्कात नोंद करून घ्यावी. शेतकरी घरात याहून भक्कम हमी नाही, तरी बहुतेक अर्जांत ही ओळच नसते.

आणि बॉंडवरची फारकत, म्हणजे मुद्रांक कागदावर लिहून घेतलेली सोडचिठ्ठी. नोटरी केलेल्या कागदाने हिंदू विवाह मोडत नाही. जाती-जमातीत तशी रूढी असल्याचे पुराव्याने सिद्ध झाले तरच कायदा ती मानतो. त्या कागदाच्या भरवशावर दुसरे लग्न झाले की गुन्हा आणि पुढे वारसाची भांडणे दोन्ही मागे लागतात. दोघांनाही वेगळे व्हायचे असेल तर वर्षभर वेगळे राहिल्यावर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब ची संमतीची याचिका करावी. याचिका दाखल करतानाचा पहिला जबाब आणि नंतरचा दुसरा जबाब यांमधली सहा महिन्यांची मुदत योग्य प्रकरणात माफ होऊ शकते, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा निकाल आहे. एकरकमी रक्कम ठरली असेल तर तिचे हप्ते या पहिल्या आणि दुसऱ्या जबाबाशी जोडावेत, कारण हुकूमनामा होईपर्यंत कुणीही संमती मागे घेऊ शकतो. मुलांची पोटगी आईने सोडून दिल्याचे लिहून घेतले तरी मुलांचा हक्क जात नाही.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणे आणि वकील संघांना आमची विनंती आहे की, शेतीचा तो नमुना मराठीत, तलाठी दप्तरातल्याच शब्दांत छापून प्रत्येक तालुका न्यायालयातल्या टंकलेखकांकडे आणि मदत कक्षात ठेवावा. जोडायच्या कागदांची यादी त्याच्याच पाठीमागे छापावी.

आपले,
कौटुंबिक प्रकरणे चालवणारे काही वकील,
अंबाजोगाई, जि. बीड