जुन्नरला जाशील तेव्हा आधी नाणेघाट

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीनंतर मुलांना शिवनेरी दाखवायचा म्हणतोस, तर दोन दिवस काढच. आणि पहिला दिवस शिवनेरीला देऊ नकोस, नाणेघाटाला दे. गड तिथे का उभा आहे ते घाटात कळतं. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल हा घाट चढून जुन्नरच्या बाजारात यायचा. शिवनेरी, चावंड, हडसर, जीवधन हे चारही किल्ले या वाटेच्या राखणीचे.

घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे, जकातीचा म्हणून दाखवतात. तिथे फोटो काढून लोक परत फिरतात. तू खाली लेण्यात उतर. आत डाव्या आणि उजव्या भिंतीवर सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लेख आहे, एकेका भिंतीवर दहा ओळी. यज्ञांत दिलेल्या दक्षिणेचा तो हिशेब आहे. टॉर्च समोरून मारलास तर भिंत नुसती पांढरी दिसेल. भिंतीला जवळजवळ टेकवून बाजूने तिरपा धर, म्हणजे खाचांत सावली भरते आणि ओळ उठून येते. मुलांना आकडे शोधायला सांग. १७०० गाई लिहिताना आधी हजाराचं चिन्ह, मग सातशेचं. शून्य कुठेच नाही. मागच्या भिंतीवर राजघराण्याचे पुतळे होते. आता पावलांच्या खुणा आणि वर कोरलेली नावं, एवढंच उरलंय. अक्षरं स्पष्ट दिसावीत म्हणून कुणी खडू फिरवत असेल तर अडव. खडू खाचेत बसतो, तो काढायला घासलं की दगडाचा पापुद्राच निघतो.

समोरचा जीवधन आणि त्याचा वानरलिंगी सुळका घाटावरूनच बघा. १८१८ मध्ये इंग्रजांनी त्याच्या वाटा सुरुंगाने फोडल्या, मुलं बरोबर असताना तिकडे नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच शिवनेरीच्या पायऱ्यांना लाग. दरवाजे सात आहेत. पाचवा शिपाई दरवाजा ओलांडला की मुख्य वाट सोडून शिवाई देवीकडे वळ. देवळामागच्या कातळातली लेणी चुकवू नकोस, कारण हा डोंगर किल्ला व्हायच्या कितीतरी आधी बौद्ध भिक्खूंचा होता. इथल्या एका लेखात इरिल नावाच्या यवनाने, म्हणजे ग्रीक माणसाने, दोन ‘पोढी’ दान दिल्याची नोंद आहे. पोढी म्हणजे पाण्याचं टाकं. परक्या मुलखातल्या माणसाने भिक्खूंच्या या डोंगरावर पाणी दान द्यावं, हे मला गडावरच्या कुठल्याही बुरुजापेक्षा मोठं वाटतं.

टाकी नीट बघ. खोदताना तोंड लहान आणि आत पोकळी मोठी ठेवलीय. ऊन आत कमी शिरतं, त्यामुळे पाणी कमी उडतं आणि शेवाळही कमी धरतं. मोठ्या टाक्यांत छत कोसळू नये म्हणून मूळ कातळाचेच खांब सोडलेत. गंगा-जमुना टाक्यांवर वाकून बघितलंस की दिसतील. वरच्या उतारावर बोटभर खोल चर सापडले तर समज, पाणी त्यातूनच टाक्यात आणलंय. दिवाळीनंतर टाकी भरलेली असतात, त्यामुळे मुलांचा हात सोडू नकोस. काठ गुळगुळीत झालेत.

पुढे अंबरखाना, म्हणजे धान्याचं कोठार, मग महाराजांचा जन्म झाला ती वास्तू, तिथून बदामी तलाव आणि शेवटी कडेलोटाचं टोक. साखळीच्या वाटेने उतरायचा मोह टाळ. तिथल्या पायऱ्या झिजून बाहेरच्या बाजूला कलल्यात, आणि दव पडलेलं असलं तर पाय ठरत नाही. कड्यांवर आग्या मोहोळं असतात. अत्तर लावू नका, धूर करू नका, आरडाओरडा तर मुळीच नको.

दुपारी लेण्याद्री. पायऱ्या तीनेकशे, माकडं फार. हातात पिशवी दिसू देऊ नकोस. गिरिजात्मज ज्या दालनात आहे तो मूळचा विहार, म्हणजे भिक्खूंच्या राहण्याची जागा, एवढ्या मोठ्या दालनात एकही खांब नाही. दर्शन झालं की शेजारचं सहाव्या क्रमांकाचं चैत्यगृहही बघ, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनेचं दालन.

संध्याकाळ तुळजा लेण्यांसाठी राखून ठेव, पाडळीच्या बाजूला आहेत. तिथलं चैत्यगृह गोल आहे. मधोमध स्तूप, भोवती बारा अष्टकोनी खांब आणि वर घुमट. गर्दी नसते, पण पाण्याची सोयही नसते, म्हणून माणशी दोन लिटर बरोबर घे. आणि अंधार पडायच्या आत खाली ये.

तुझा,
अविनाश