पहिला पगार हाती येईपर्यंत

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

निकाल लागला, नोकरीचं पत्रही आलं. आता तू सामानाची यादी करायला बसशील. ती जरा बाजूला ठेव आणि आधी पैशांचा हिशेब मांड, कारण नव्या शहरात माणूस अडतो तो बहुतेकदा पहिल्या पगाराच्या अलीकडे. महिन्याच्या मध्यावर रुजू झालास आणि त्या महिन्याची पगाराची यादी तोवर बंद झालेली असली, तर पहिले पैसे थेट पुढच्या महिन्याच्या अखेरीस खात्यात येतात. म्हणजे सहा आठवडे पदरचे घालायचे. नेमके तेव्हाच अनामत, आगाऊ भाडं, दलाली, गादी, बादली, कुलूप हे सगळे खर्च एकदम येतात. म्हणून अनामत वेगळी धरून निदान तीन महिन्यांचा खर्च हाताशी असू दे. कमी पडत असेल तर संकोच न करता आत्ताच सांग, तिथे जाऊन उसनवारी नको. भाड्याचा अंदाज पत्रातल्या वार्षिक आकड्यावरून बांधू नकोस. कपाती जाऊन हातात जे पडेल, त्याच्या एक तृतीयांशात भाडं, वीज आणि देखभाल बसली पाहिजे.

घर इथे बसून ठरवायचं नाही. पहिले आठ-दहा दिवस तात्पुरत्या जागेत काढ. फोटो दाखवून ‘जागा अडवून ठेवायला’ पैसे मागणाऱ्याशी बोलणं तिथेच संपव. घर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आणि भाड्याने देणाऱ्याचं नाव मालकीच्या कागदावर वाचल्याशिवाय एक पैसाही द्यायचा नाही. जागा पसंत पडली की ऑफिसच्या वेळेला तिथून एकदा जाऊन बघ. स्टॉपपर्यंतचं चालणं आणि गाडीची वाट बघणं त्यात मोज. मग रात्री पुन्हा त्या घराकडे चक्कर मार. दुपारी शांत वाटणारी गल्ली रात्री तशीच असेल असं नाही.

घर बघताना हॉलच्या मध्यभागी उभं राहून मान डोलावू नकोस. आधी न्हाणीघरात जा. शॉवर आणि बेसिनचा नळ एकदम सोड आणि दोन मिनिटं वाहू दे. धार बारीक झाली तर सकाळच्या घाईत रोज तेच होणार. सिंकखालचं कपाट उघडून तळाच्या फळीवरून हात फिरव. फळी फुगलेली लागली तर गळती जुनी आहे. जमिनीतल्या जाळीतून वास येत असेल तर लगेच नाक मुरडू नकोस. बंद घरात जाळीखालच्या ट्रॅपमधलं, म्हणजे वास अडवण्यासाठी पाणी साठून राहतं त्या भागातलं, पाणी सुकतं आणि गटाराची हवा वर येते. दोन तांबे पाणी ओत आणि तासाभराने परत बघ. वास तरीही राहिला तर दोष पाइपात आहे, ते घर सोड. भिंतींमध्ये एकच भिंत ताजी रंगवलेली दिसली तर तिच्यावर तळवा टेकव. गार, दमट लागली, रंगाला फुगे असले किंवा कोपऱ्यात क्षारांची पांढरी भुकटी दिसली, तर ओल आतून येते आहे. वरचा रंग ती झाकतो, थांबवत नाही. मोबाइलचा चार्जर प्रत्येक सॉकेटला लावून बघ आणि दार बंद करून आतून एक फोन कर.

करारात चार गोष्टी शोध: किती महिने सोडता येणार नाही, सोडताना किती आधी कळवायचं, दुरुस्ती कोणाच्या माथी, आणि अनामत किती दिवसांत परत मिळणार. रंगकामाचे पैसे अनामतीतून कापणार असतील तर तो आकडाही लिहून घे. तोंडी ‘बघू नंतर’ला अर्थ नसतो. मित्रांबरोबर राहणार असशील तर एक मधेच गेला तर त्याचा वाटा कोण भरणार, हे आधीच ठरवा. करारावर सगळ्यांची नावं असली की मालक उरलेल्यांकडेच मागतो.

किल्ली हातात आली की सामान आत नेण्याआधी भिंती, फरशी, फर्निचर आणि विजेच्या मीटरचे फोटो काढ आणि त्याच दिवशी मालकाला मेसेज कर. टाइल आधीपासून तडकलेली होती हे वर्षभराने सिद्ध करायला दुसरा पुरावा नसतो. आणि मीटरचा आकडा टिपला नाहीस तर आधीच्या भाडेकरूचं बिलही तूच भरशील.

निघण्याआधीचं एक काम मुलं हमखास विसरतात. कॉलेजचा ईमेल काही दिवसांनी बंद होतो. बँक, नोकरीचे अर्ज, ड्राइव्हवरच्या फायली, जे जे त्याच्याशी जोडलंय ते आधी स्वतःच्या पत्त्यावर आण, नाहीतर पासवर्ड बदलायचा कोड अशा पेटीत जाईल जी तुला उघडता येत नाही. बँकेला जोडलेला मोबाइल नंबरही तोच चालू ठेव.

चष्म्याचा नंबर आणि दात इथेच तपासून घे. औषधं महिन्याची, मूळ पाकिटात, चिठ्ठीसकट.

पुस्तकं मोठ्या खोक्यात भरू नकोस. साध्या ए-फोर कागदाची ५०० पानांची एक रीमच अडीच किलो भरते, तशा सहा म्हणजे पंधरा किलो. त्याच्यावर वजन गेलं की उचलताना खोक्याचा तळ फाटतो. छोटी खोकी घे, तळाला आडवी-उभी दुहेरी चिकटपट्टी लाव, आणि यादी झाकणावर न लिहिता बाजूवर लिही, कारण खोकी एकावर एक रचली जातात. विमानाने जाणार असशील तर पॉवर बँक हातातल्या बॅगेत ठेव, चेक-इनच्या सामानात ती चालत नाही. १०० वॅट-तासांपर्यंतची सहसा नेऊ देतात. तुझी २०,००० एमएएचची आहे, ती ३.७ व्होल्टने ७४ वॅट-तास होते.

मूळ प्रमाणपत्रं, नेमणुकीचं पत्र आणि पहिल्या रात्रीची चादर पाठीवरच्या सॅकमध्येच ठेव. बाकीचं सामान दोन दिवस उशिरा आलं तरी चालेल. मीटरचा फोटो आम्हालाही पाठव.

तुझे
आई-बाबा