गेम परत न्या, पण पंचनामा करून

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शहापुरात माझे स्टेशनरी आणि झेरॉक्सचे दुकान आहे. मुलगा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. येळ्ळूरच्या शिवारात आमची वडिलोपार्जित सव्वा एकर भाताची जमीन आहे. तिथे लावणीला चल म्हटले की या पोराचे पोट दुखायला लागते. संगणकावर मात्र तोच रात्री बारापर्यंत ट्रॅक्टर हाकतो, नांगरट करतो, मळणी करतो आणि दलालाशिवाय धान्य विकतो! असा हा शेतीचा गेम त्याने गेल्या दिवाळीत घेतला. अधिकृत ऑनलाइन दुकानात किंमत २,४९९ रुपये. कॉलेजच्या वाटेवरच्या एका मोबाईल दुकानात तोच ९०० रुपयांना मिळाला. पैसे त्याचे स्वतःचे होते, गणपतीत मंडपाच्या रोषणाईला राबून मिळवलेले. म्हणून मीही काही बोललो नाही.

दुकानदाराने दिले काय, तर एका चिठोऱ्यावर लिहिलेली पंधरा इंग्रजी अक्षरे-आकडे. याला ही मुले 'की', म्हणजे चावी, म्हणतात. ती ऑनलाइन दुकानातल्या त्याच्या खात्यात टाकली, गेम उतरला, चार महिने बिनबोभाट चालला. मग मार्चमध्ये एका सकाळी पोरगा माझ्यापुढे येऊन उभा राहिला, "पप्पा, गेम गेला की." खाते जागेवर होते, त्यातला गेम तेवढा नाहीसा. सोबत दोन ओळींचा निरोप : ही की अनधिकृत मार्गाने मिळवलेली असल्याने प्रकाशकाने, म्हणजे गेम बाजारात आणणाऱ्या कंपनीने, रद्द केली आहे. बस्स. दुकानात गेलो तर दुकानदार म्हणतो, "आमच्या हातात काय नाही हो काका, वरनंच बंद केलेत." पावती मागितली तर तो नुसता हसला.

पहिल्यांदा मला वाटले की ही कंपनीची सरळ लूट आहे. पोराला शेजारी बसवून चार रात्री या धंद्याची माहिती वाचली, त्याच्याकडून समजून घेतली, तेव्हा माझे मत बदलले. पूर्ण नाही, अर्धे.

हा धंदा असा चालतो. कोणीतरी चोरलेल्या क्रेडिट कार्डावर एखाद्या गेमच्या शे-दोनशे की एकदम उचलतो आणि परदेशातल्या की-बाजारात निम्म्या भावाने फुंकून टाकतो. महिन्या-दीड महिन्याने कार्डाच्या खऱ्या मालकाला पत्ता लागतो, तो बँकेकडे तक्रार करतो आणि बँक गेम विकणाऱ्याकडून पैसे वसूल करते, वर दंडासारखे शुल्कही लावते. म्हणजे गेमही गेला, पैसेही गेले, खिशातून शुल्क भरले ते वेगळेच. मोठ्या कंपन्या हे सोसतात. पाच-दहा माणसांनी मिळून बनवलेला गेम असेल तर त्यांचे कंबरडे मोडते. २०१९ मध्ये अशा काही छोट्या गेमवाल्यांनी वैतागून जाहीर सांगितले होते की या बाजारातून की घेण्यापेक्षा आमचा गेम चोरून खेळा, तेवढे तरी नुकसान कमी होईल! 'जीटूए' नावाच्या मोठ्या की-बाजाराने त्यावर शब्द दिला की चोरीच्या की आमच्याकडे विकल्या गेल्याचे सिद्ध झाले, तर बँकेच्या वसुलीत झालेल्या नुकसानाच्या दहापट रक्कम देऊ. 'फॅक्टोरियो' गेम बनवणारी झेक कंपनी वुबे त्यांच्या मागे लागली. तपासणीत चोरीच्या १९८ की निघाल्या आणि २०२० मध्ये जीटूएला ३९,६०० डॉलर मोजावे लागले. तेव्हा प्रकाशक उगाच बोंब मारतात असे आता मी म्हणणार नाही.

पण स्वस्त की म्हणजे चोरीचीच की, हेही खरे नव्हे, आणि माझी तक्रार इथून सुरू होते. एकच गेम वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या भावाने विकला जातो. अर्जेंटिना आणि तुर्कस्तानात तो इतका स्वस्त मिळायचा की जगभरातले लोक तिथला पत्ता दाखवून घ्यायचे. शेवटी नोव्हेंबर २०२३ मध्ये 'स्टीम' या गेमच्या मोठ्या ऑनलाइन दुकानाने त्या दोन्ही देशांतले भाव थेट डॉलरमध्ये करून टाकले. दोन ठिकाणी दोन भाव म्हणजे काय, हे आम्हा सीमाभागातल्या माणसांना शिकवावे लागत नाही. गोव्याहून चोर्ला घाटाने येताना कणकुंबीच्या नाक्यावर पिशव्या का उघडायला लावतात, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. पण गोव्यातली बाटली चोरीची नसते, नुसती स्वस्त असते. ती इकडे आणणे नियमाबाहेरचे असेल, म्हणून आणणाऱ्याला कोणी दरोडेखोर म्हणत नाही.

युरोपात तर याच मुद्द्यावर उलटा न्याय झाला. पोलंड, हंगेरी अशा स्वस्त देशांत विकलेली की शेजारच्या महाग देशात चालू नये म्हणून स्टीमची मालक 'व्हॉल्व्ह' आणि पाच प्रकाशकांनी तिला कुलूप घातले होते. जानेवारी २०२१ मध्ये युरोपीय आयोगाने या सहा जणांना मिळून ७८ लाख युरोंचा दंड ठोकला. व्हॉल्व्ह न्यायालयात गेली, तिथेही २०२३ मध्ये हरली. तिकडच्या ग्राहकाला स्वस्त देशातली की वापरायचा हक्क, आणि इकडे आमच्या पोराला 'अनधिकृत' हा एकच शिक्का. त्याची की चोरीची होती, तुर्कस्तानातली होती, का कुठल्या वार्ताहराला गेमवर लिहायला म्हणून फुकट दिलेली पुढे विकली गेली, हे आम्हाला आजतागायत कळलेले नाही.

आमच्या शहापुरात सराफी पेढ्या आहेत. चोरीचा दागिना एखाद्याने अजाणता घेतला तर पोलीस येतात, दागिना नेतात. तो परत मिळत नाही आणि मिळूही नये. पण नेताना पंच बोलावतात, पंचनामा करतात, काय नेले, कोणत्या गुन्ह्यात नेले, ते कागदावर येते. त्या कागदाच्या जोरावर सराफाला विकणाऱ्याची मानगूट धरता येते. माझ्या पोराचा गेम नेताना कोणी पंच बोलावले? ही की अमुक तारखेला अमुक ठिकाणी विकली गेली, पैसे बुडाले म्हणून रद्द केली, एवढे एक वाक्य लिहिले असते तर ते घेऊन मी दुकानदाराच्या गल्ल्यासमोर उभा राहिलो असतो. प्रकाशकांना हे जमत नाही असेही नाही. जानेवारी २०१५ मध्ये युबिसॉफ्ट या प्रकाशकाने चोरीच्या कार्डांवर घेतलेल्या की रद्द करून लोकांच्या खात्यांतले गेम काढून घेतले. मोठी ओरड झाल्यावर, ज्यांनी की टाकून खेळायला सुरुवात केली होती त्यांना ते परत दिले. चोर कोण आणि फसलेला कोण, हे वेगळे काढता येते. काढायचे मनात पाहिजे.

पूर्वी गेमची सीडी असायची. माझ्या पुतण्याने खेळून झाली की ती निपाणीच्या मावसभावाकडे जायची, तिथून आणखी कुणाकडे. आता विकत घेतो तो गेम नव्हे, खेळायची परवानगी, असे पोरगा मला समजावतो. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून विक्रेत्याला हे खरेदीच्या वेळीच स्पष्ट सांगणे कायद्याने भाग आहे. आपल्याकडे ते बारीक अक्षरात कुठेतरी असते आणि सतरा-अठरा वर्षांचा पोरगा 'मान्य आहे'वर बोट ठेवून मोकळा होतो.

आता आमच्या गावातल्या दुकानदारांविषयी. प्रकाशक दूर देशी बसला आहे, चिठोरे विकणारा मात्र रोज दिसतो. पावती न देणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापार प्रथा आहे. मी स्वतः दुकानदार आहे, दहा झेरॉक्सची कोण पावती मागतो हे मलाही कळते, पण नऊशे रुपयांना ती सबब चालत नाही. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, तिथे मराठीत बोलता येते. (सरकारी दारात आपल्या भाषेत तक्रार सांगता यावी, हे बेळगावकराला वेगळे सांगायला नको.) जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क लागत नाही आणि आपण राहतो त्याच जिल्ह्यात ती दाखल करता येते. ऑनलाइन बाजारातून की घेतली असेल तर त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यावा, असा २०२० चा नियम आहे.

माझ्या मुलाच्या वर्गातल्या आणखी दोघांचे गेम त्याच आठवड्यात गेले, चिठोरी त्याच दुकानातली. समान तक्रारीचे अनेक ग्राहक आयोगाच्या परवानगीने एकत्र दाद मागू शकतात, तशी आम्ही तिघे पालक मागणार आहोत. शहापूर, टिळकवाडी, अनगोळ भागांत ज्यांच्या मुलांच्या वहीत अशी पंधरा अक्षरांची चिठोरी पडली असतील, त्यांनी ती फेकू नयेत. पैसे यूपीआयने दिले असतील तर मोबाईलमधली नोंदही जपून ठेवावी. आमच्याकडे सध्या पुरावा म्हणून तेवढेच आहे.

आपला,
एक पालक
शहापूर, बेळगाव