मा. मंत्रीमहोदय, आमचा ऑर्केस्ट्रा बारमधला नाही

मा. मंत्रीमहोदय,
सप्रेम नमस्कार.

काल आमचा अर्ज परत आला. दर रविवारी सकाळी तीन तास सरकारी हॉल रिहर्सलला मिळावा एवढंच मागितलं होतं, त्यावर लाल शाईत शेरा आहे, ऑर्केस्ट्रा व नाचगाण्यास हॉल देता येत नाही. साहेब, आमची 22 पोरं आहेत, 11 ते 19 वयाची, व्हायोलिन, त्याहून थोडा मोठा व्हायोला, आणि माणसाच्या छातीएवढा उंच, बसून वाजवायचा चेलो वाजवतात, समोर नोटेशन ठेवून, पाश्चात्य शास्त्रीय संगीत. हॉलचा शब्द तुम्हीच दिला होता, गेल्या वर्षी, माईकवर, माझ्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवून.

आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हटलं की गणपतीतला फिल्मी गाण्यांचा प्रोग्राम नाहीतर बार आठवतो, मान्य. पण अर्जाला तीन पानं माहिती आणि फोटो जोडले होते, ते कोणी उलटूनही बघितले नाहीत.

मुलगी 15 वर्षांची आहे, चेलो वाजवते. दर शनिवारी वसईहून वांद्र्याला क्लासला जातो, चेलो घेऊन जनरल डब्यात शिरताच येत नाही म्हणून लगेजच्या डब्यात माशांच्या पाट्यांशेजारी मी तो दोन्ही हातांनी कवटाळून उभा असतो, आणि मागच्या पावसाळ्यात दमट हवेने त्याचा जोड सुटला तेव्हा दुरुस्ती आणि तारा मिळून माझा महिन्याचा पगार गेला, बायकोची पाटली गहाण पडली ती अजून तिथेच आहे. हे कधी कोणाला सांगितलं नव्हतं. काल शेरा वाचून मुलगी म्हणाली, पप्पा, आम्ही बारमध्ये वाजवतो असं वाटलं का त्यांना? मला बोलताच आलं नाही.

तुमच्या ऑफिसात एकजण म्हणाला हे परकं संगीत आहे. अहो, मेहली मेहतांनी 1935 साली मुंबईत बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. तुमच्या सभेत जी जुनी गाणी लावतात त्यातली व्हायोलिनं कित्येकदा गोव्याच्या लोकांनी वाजवलीत, प्यारेलालजी व्हायोलिन शिकले ते माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसांकडे. मेहलींच्या मुलाला, झुबिन मेहतांना, शिकायला 18व्या वर्षी व्हिएन्ना गाठावं लागलं, 1962 ला ते लॉस एंजेलिस फिलहार्मोनिक या अमेरिकेतल्या ऑर्केस्ट्राचे म्युझिक डायरेक्टर झाले. त्याच जागेवर 2009 ला 28 वर्षांचा गुस्ताव्हो दुदामेल आला, व्हेनेझुएलाचा. तिकडे 1975 मध्ये आब्रेऊ नावाच्या संगीतकाराने 11 पोरांना घेऊन गॅरेजमध्ये सुरुवात केली, पुढे सरकारने पैसा दिला, गरीब वस्त्यांतल्या पोरांच्या हातात वाद्यं आली आणि त्या पोरांनी म्हाताऱ्या श्रोत्यांचं समजलं जाणारं संगीत उभं राहून, नाचत वाजवलं, जग बघत राहिलं. आणि आपल्याकडे सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया 2006 मध्ये सुरू झाला तरी कझाकस्तानहून वादक आणावे लागतात, कारण पोरं घडवायची पुरेशी सोय इथे कोणी केली नाही.

तुमच्या एका कार्यक्रमाचा मांडव, बॅनर, शाली, माझ्या अंदाजाने त्यात आमचं दहा वर्षांचं भाडं निघेल. पैसा सत्काराला आहे, शिकवायला नाही. शाळेत संगीताचा मास्तर नाही, चित्रकलेचा नाही, मैदानावर गाड्या लावतात, आणि मग पोरं मोबाईलमध्ये असतात म्हणून भाषण तुम्हीच करता. लाज वाटायला हवी, मला नाही, तुम्हाला.

हॉल द्या. द्यायचा नसेल तर तसं लिहा, पण तो शेरा लेखी मागे घ्या. मुलीने तो कागद चेलोच्या कव्हरमध्ये ठेवलाय, मला टाकू देत नाही.

एका चेलोवालीचा बाप,
वसई