मुलांचा पहिला कॉलेज फुटबॉल सामना: ॲन आर्बरच्या काकांना आभाराचं पत्र

काका, सप्रेम नमस्कार.

मिशिगन विद्यापीठाच्या, १,०७,६०१ माणसं बसतील एवढ्या स्टेडियममध्ये अमेरिकन फुटबॉलचा सामना बघायला चार-पाच वर्षांच्या पोराला न्यायचं, या विचारानंच पुष्कळ आईबाबा कचरतात. दर ऑगस्टमध्ये ॲन आर्बर, कँटन, नोव्हाय भागात नव्यानं आलेली मराठी कुटुंबं तुम्हाला हेच विचारतात, आणि तुम्ही न कंटाळता पहिल्यापासून सगळं सांगता. वर बाकावर घालायच्या गाद्या आणि आवाज अडवणारे कानाचे मफ स्वतःच्या गॅरेजमधून काढून देता. मिशिगन स्टेडियममधला कितीतरी मुलांचा पहिला शनिवार तुमच्यामुळे आनंदात गेला. त्याबद्दल मनापासून आभार. पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितो आहोत, कारण तुमचं सांगणं पुढच्या कुटुंबांपर्यंतही पोचायला हवं.

तुमचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: पहिल्या खेपेला सामना पूर्ण बघायचा नसतो, मुलाला पुन्हा यावंसं वाटेल एवढंच बघायचं असतं. बाकीचं सगळं त्यातून निघतं, म्हणून ते इतकं पटतं.

सामना कोणता निवडावा, इथपासून तुमची मदत सुरू होते. सप्टेंबरच्या सुरुवातीचा, बिग टेनबाहेरच्या (म्हणजे मिशिगन ज्या गटात खेळतं त्याबाहेरच्या) एखाद्या संघाशी असलेला सामना लहान मुलांसाठी सगळ्यात बरा. हवा उबदार, तिकिटं त्या मानानं स्वस्त, आणि आजूबाजूच्या लोकांच्या मनावर निकालाचा ताण कमी. कट्टर प्रतिस्पर्धी ओहायो स्टेटशी सामना असतो नोव्हेंबरच्या शेवटी, थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी. तिथे थंडीही असते आणि भावनाही टोकाच्या असतात. तो पहिला सामना म्हणून नको. वेळेचंही तसंच. सामने साधारण दुपारी बारा, साडेतीन किंवा संध्याकाळी साडेसातला सुरू होतात. ती वेळ टीव्हीवाल्यांच्या सोयीनं ठरते आणि बऱ्याच सामन्यांची जेमतेम बारा दिवस, कधी तर सहाच दिवस आधी कळते. म्हणून वेळ जाहीर झाल्याशिवाय लहान मुलांसाठी तिकीट काढू नका, असं तुम्ही बजावता. खेळाचं घड्याळ साठ मिनिटांचं असलं तरी प्रत्यक्षात सामना जवळपास साडेतीन तास चालतो. बाराचा सामना साडेतीनला संपतो आणि मूल गाडीत झोपतं. साडेसातचा संपेपर्यंत रात्रीचे अकरा वाजतात. त्या वेळी पाच वर्षांच्या मुलाकडून शहाणपणाची अपेक्षा करणं अन्याय आहे.

जागा कुठली घ्यावी, यावरचा तुमचा सल्ला नवख्यांना सुरुवातीला उलटा वाटतो. मैदानाच्या जवळची खालची रांग म्हणजे उत्तम, असं सगळे धरून चालतात. पण १९२७ साली उघडलेल्या या स्टेडियमचा बहुतेक भाग जमिनीच्या पातळीखाली खणलेला आहे. बाहेरून ते बुटकं दिसतं, आणि आत शिरलं की पायऱ्या उतरत जायचं असतं. म्हणजे रांगेचा आकडा जितका लहान, तितक्या स्वच्छतागृहापर्यंत चढायच्या पायऱ्या जास्त. शिवाय खालच्या रांगांतून पुढचे लोक उभे राहिले की मुलाला फक्त पाठी दिसतात. वरच्या रांगांतून अख्खं मैदान दिसतं, विद्यापीठाच्या बँडची मैदानावरची रचना उलगडते आणि दार जवळ पडतं. जागा वाटेलगतचीच घ्यायची. विद्यार्थ्यांच्या विभागाला अजिबात लागून नको, कारण ते पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत उभेच असतात. साडेतीनच्या सामन्याला पूर्वेकडच्या बाकांवर ऊन थेट डोळ्यांत येतं. पश्चिमेच्या बाजूला ते पाठीमागे राहतं.

बाक ॲल्युमिनियमचे, बहुतेक ठिकाणी पाठीला टेका नसलेले. सप्टेंबरच्या उन्हात ते तापतात आणि नोव्हेंबरमध्ये अंगातली ऊब ओढून घेतात. फोमची पातळ गादी दोन्ही वेळा लागते. थंडीत तशाच फोमचा एक तुकडा पायाखाली घालायचा, कारण खालच्या काँक्रीटनं मुलांची पावलं आधी गारठतात आणि मूल मात्र “कंटाळा आला” एवढंच सांगतं. पाऊस असेल तर पोंचो. छत्री आत नेता येत नाही.

तिकिटं फोनवर असतात, आणि लाखभर माणसं एका जागी जमली की नेटवर्क दम तोडतं. ती आदल्या रात्रीच फोनच्या वॉलेटमध्ये उतरवून ठेवायची. स्क्रीनशॉटवर विसंबायचं नाही, कारण बऱ्याच तिकिटांचा बारकोड सतत बदलत राहतो. आणि हे तुमचं खास: चारही तिकिटं एका फोनवर ठेवायची नाहीत. एक मोठा आणि एक मूल अशा जोड्या करून आईच्या फोनवर दोन, बाबांच्या फोनवर दोन. एकाला गाडीकडे परत जावं लागलं तर दुसरी जोडी दारात अडकत नाही. मांडीवरच्या बाळाला तिकीट लागतं की नाही, याचा नियम स्टेडियमप्रमाणे बदलतो. तिकीट काढण्याआधीच विचारायचं, दारावर वाद घालायचा नाही.

पिशवीचंही तसंच. बऱ्याच कॉलेज स्टेडियममध्ये १२ × ६ × १२ इंचांपर्यंतची पारदर्शक पिशवी चालते, काही ठिकाणी नियम त्याहून कडक असतात, आणि दर मोसमाला ते बदलू शकतात. बाळ सोबत असलं तरी नेहमीची डायपर बॅग बहुधा अडवली जाते. म्हणून दोन-तीन डायपर, ओले वाइप्स, एक जादा पँट आणि मोजे एवढंच काढून घ्यायचं. बाबागाडी घरी किंवा गाडीत. बाळ कापडी कॅरिअरमध्ये, छातीशी.

कानांबद्दल तुम्ही सगळ्यात आग्रही असता, आणि तुमचं बरोबरच आहे. खेळ रंगात आला की गर्दीचा आवाज शंभर डेसिबलच्या वर जातो. कामाच्या जागी आवाज किती सोसावा, याचं अमेरिकेतल्या नायॉश संस्थेचं मोजमाप असं: ८५ डेसिबलला आठ तास, आणि पुढे दर तीन डेसिबलला ती मुदत निम्मी. त्या हिशेबानं १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं मिळतात, तीही मोठ्या माणसाला. लहानांसाठी डोक्यावरून बसणारे मफच हवेत. कानात घालायच्या फोमच्या गोळ्या छोट्या कानांत नीट बसत नाहीत आणि तोंडात जाण्याचा धोका असतो. खोक्यावर एनआरआर (मफ किती डेसिबल आवाज अडवतात ते सांगणारा आकडा) २२ ते २५ आहे का ते बघायचं, आणि प्रत्यक्षात आवाज त्याहून कमीच अडतो हे धरून चालायचं, विशेषतः मफच्या कडेखाली टोपी किंवा केस आले तर. टोपी मफच्या वरून चढवायची. मुलं मफ फेकून देतात ते बहुतेक वेळा पहिल्यांदाच घातल्यामुळे. म्हणून तुम्ही मफ आठवडाभर आधी नेऊन देता आणि घरी मिक्सर लावताना रोज पाच मिनिटं घालायला सांगता. मफ चढवायचे राष्ट्रगीताच्या आधी. राष्ट्रगीत संपता संपता कधी कधी विमानं डोक्यावरून जातात, आणि त्या गडगडाटानं घाबरलेलं मूल पुढचा तासभर मांडीवरून उतरत नाही.

आता बँड. काका, यासाठी तुमचे वेगळे आभार मानायला हवेत. चार वर्षांच्या मुलाला तिसरा डाउन (तिसरा प्रयत्न) कळत नाही, पण सुमारे चारशे वादकांचा बँड समोरून चालत गेला तर ते वर्षभर विसरत नाही. सामन्याआधी हूवर स्ट्रीटवरच्या रेव्हेली हॉलपाशी ड्रमलाइन (बँडमधले ढोलवादक) वाजते आणि तिथून बँड स्टेडियमकडे निघतो. तिकीट लागत नाही, मूल खांद्यावर घेता येतं, आणि नाही आवडलं तर दोन पावलं मागे सरकता येतं. स्टेडियममध्ये शिरण्याआधी आवाजाची ओळख करून घ्यायला याहून चांगली जागा नाही. तिथून बँडच्या मागोमाग निघालात तर खेळ सुरू व्हायच्या अर्धा तास आधी जागेवर पोचा, हा तुमचा नियम. कारण बँडचा आतला कार्यक्रम सामन्याआधीच होतो. ड्रम मेजर टोपी काढून मागे वाकत वाकत डोकं जमिनीला टेकवतो, आणि मग पूर्वेकडच्या बोगद्यातून खेळाडू धावत येऊन उंच धरलेल्या निळ्या बॅनरला उडी मारून हात लावतात. ही प्रथा १९६२ पासूनची. “बॅनर आला की सांग हं,” एवढं काम मुलाला दिलं की वाट बघण्याची वीस मिनिटं निघून जातात. ऐन वेळी पोचणाऱ्या कुटुंबांचं हेच हुकतं आणि वाट्याला येते ती दारावरची रांग.

जेवण गाडीपाशीच आटपायचं, पायोनियर हायस्कूलच्या हिरवळीवर किंवा जिथे गाडी लावली असेल तिथे. तूप-साखरेच्या पोळीचे रोल, दशम्या, थंड झालेलं थालीपीठ. तिखट आणि फार खारट काही नको, नाहीतर पाणी आणि मग धावपळ. आत शाकाहारी मुलाला प्रेटझेल आणि पॉपकॉर्न मिळतं, तेवढं पुरतं.

धावपळीचं तुमचं वेळापत्रक तर आम्ही पाठच केलं आहे. मध्यंतर वीस मिनिटांचं असतं आणि त्या वीस मिनिटांत अर्धं स्टेडियम रांगेत उभं असतं. शिवाय बँड तेव्हाच मैदानात असतो. म्हणून चार क्वार्टरांपैकी दुसऱ्याच्या घड्याळात पाच-सहा मिनिटं उरली की उठायचं. खऱ्या वेळात ती पंधरा मिनिटं तरी होतात, आणि बँड सुरू व्हायच्या आत जागेवर येता येतं. दुसरी खूण लाल टोपीवाल्या माणसाची. मैदानाच्या कडेचा तो माणूस पुढे आला की टीव्हीच्या जाहिराती सुरू झाल्या, आता दोन-तीन मिनिटं खेळ नाही. पाणी पाजायचं, मोजे बदलायचे, नाक पुसायचं ते तेव्हा.

खेळ समजावताना तुम्ही अगदी थोडं सांगता. चार प्रयत्नांत दहा यार्ड. जमलं तर पुन्हा चार, नाही जमलं तर चेंडू बहुधा समोरच्यांकडे. कडेला दोन काठ्या आणि मधली साखळी दिसते, ती बरोबर दहा यार्डांची. पंचाचे दोन्ही हात वर गेले की गुण. पिवळा रुमाल पडला की कुणाची तरी चूक. पाच वर्षांच्या मुलाला एवढं पुरे. सात-आठ वर्षांच्यांना सहा, एक, तीन आणि दोन असे गुण कसे मिळतात तेही सांगता येतं. टीव्हीवर दिसणारी पिवळी रेघ खऱ्या मैदानावर नसते, हे आधी सांगून ठेवायला तुम्ही सुचवलंत. ती चित्रावर काढलेली असते आणि टीव्हीला सरावलेली मुलं तीच शोधत बसतात. भारतातून आलेल्या आजोबांना तुम्ही कबड्डीतली चढाई आठवायला सांगता: चढाई होते, संपते, पुन्हा सगळे आपापल्या जागी. त्यांना दोन मिनिटांत कळतं आणि मग तेच नातवंडांना समजावतात. आजी-आजोबांसाठी पायऱ्या टाळता येणाऱ्या जागा वेगळ्या मिळतात. त्या तिकिटाच्या वेळीच मागायच्या, हेही तुमच्यामुळे कळलं.

हरवण्याची भीती सगळ्यांना असते, ती तुम्ही साध्या कामांनी घालवता. गाडीतून उतरल्यावर मुलाचा त्या दिवशीच्या कपड्यांत फोटो. मनगटाच्या पट्टीवर आईबाबांचे फोन नंबर आणि विभाग-रांग. पट्टी नसेल तर दंडावर पेनानं नंबर. आणि मुलाला एकच वाक्य शिकवायचं: सापडत नसू तर तिथेच थांब आणि स्टेडियमच्या गणवेशातल्या माणसाला पट्टी दाखव. गर्दीत सगळेच संघाच्या रंगांत, मक्यासारखे पिवळे नाहीतर निळे असतात, म्हणून मुलाच्या टोपीला वेगळ्या रंगाची रिबन. तुमच्याकडच्या केशरी रिबनी लांबूनही दिसतात.

निघायचं कधी, यावर तुम्ही ठाम असता. चार-पाच वर्षांच्या मुलाला मध्यंतराचा बँड बघून किंवा तिसऱ्या क्वार्टरच्या शेवटी घरी न्यायचं, ते हसत असताना. रडल्यावर निघालं तर मुलाच्या लक्षात रडणं राहतं. बाहेर पडलं की परत आत घेत नाहीत, म्हणून दारापाशी “सामान घेतलं का” हे एकदा विचारायचं. शेवटपर्यंत थांबायचं ठरलं तर शिटी वाजल्यावर उठायची घाई नको. वीस मिनिटं जागेवर बसून राहिलं तर पायऱ्या मोकळ्या होतात. लेकराला कडेवर घेऊन त्या गर्दीत चढणं धोक्याचं आहे.

यंदाच्या मोसमासाठी एक विनंती. तिकिटं कुठे मिळतात, गाडी कुठे लावायची, पिशवीचे नियम काय, हे नव्या कुटुंबांना सांगायचं काम आता आम्ही वाटून घेतो. गाद्या आणि मफ धुऊन, लहान-मोठे वेगळे करून तुमच्या गॅरेजमध्ये आणून ठेवतो. दोन मफच्या आतल्या गाद्या फाटल्या आहेत, त्या नव्या मागवल्या आहेत. गणपतीच्या कार्यक्रमाची तारीख ठरवताना घरच्या सामन्याचा शनिवार टाळायला मंडळातही सांगतो. तुम्ही आणि काकूंनी फक्त ड्रमलाइनपाशी मुलांबरोबर उभं राहायचं. मुलं तुम्हालाच विचारतात, बॅनर कधी येणार म्हणून.

तुमची,
ॲन आर्बर आणि आसपासची आईबाबा मंडळी